जलपर्णीचे बी शोधणारे आघारकर

उन्हाळा आला की पिंपरी-चिंचवडमध्ये पवना आणि इंद्रायणीचे पाणी जलपर्णीखाली झाकून जाते. ही वनस्पती पसरते कशी, याचा अभ्यास जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका मराठी शास्त्रज्ञाने केला होता. त्यांचे नाव डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर.

जन्म मालवणचा, 1884 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सुटीत सह्याद्री पालथा घालताना त्यांना नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. या गटातील प्राणी तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते. या शोधाने त्यांचे नाव परदेशात पोहोचले.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तरीही 1919 मध्ये त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. विषय होता, वायव्य भारतातील कोरड्या भागातल्या वनस्पती आल्या कोठून आणि पसरल्या कशा.

कलकत्त्याला परतल्यावर हाच प्रश्न पाण्यात दिसला. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने बंगालची तळी आणि नदीनाले व्यापले होते. 1930 मध्ये आघारकरांनी बॅनर्जी या सहकाऱ्यासह तिचे परागीभवन आणि बीजनिर्मिती यांवर संशोधन प्रसिद्ध केले. हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. जलपर्णी मुख्यतः धावत्या फुटव्यांनी वाढते. पण तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून वरची जलपर्णी काढली तरी ती पुन्हा उगवते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खत. तिच्या थराखाली पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांना आसरा मिळतो.

1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. आघारकर तिचे संस्थापक संचालक. 1960 मध्ये ते वारले. 1992 पासून ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

घरच्या मत्स्यटाकीत किंवा कुंडातल्या तळ्यात लावले जाणारे साल्व्हिनिया आणि अझोला हे तरंगते नेचे. ते जलपर्णीचे नातलग नाहीत, पण वाढीचा वेग तसाच. दक्षिण अमेरिकेतूनच आलेल्या साल्व्हिनियाच्या एका जातीने केरळातील कालवे आणि भातखाचरे भरून टाकली; तिला बीजाणूंचीही गरज नाही, तुटलेला तुकडा पुरतो. टाकीत हे नेचे जरूर वाढवावेत. पाण्याचा निम्मा भाग उघडा राहील इतके ते दर आठवड्याला काढावेत. काढलेले मात्र गटारात, ओढ्यात किंवा नदीत टाकू नयेत. उन्हात कडक वाळवून कुंडीच्या खतात घालावेत. शोभेची वनस्पती नदीत पोहोचली की काय होते, ते पवनेच्या काठावर दर उन्हाळ्यात दिसतेच.