आचार्य प्रफुल्लचंद्र रे : हाडाच्या राखेतून रसायनाचा पाठ

भारतातील आधुनिक रसायनशास्त्राचे प्रवर्तक आचार्य प्रफुल्लचंद्र रे संशोधक आणि उद्योजक म्हणून सर्वपरिचित आहेत. मात्र कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी २७ वर्षे केलेले अध्यापनही तितकेच मोलाचे होते. पदार्थ केव्हा केवळ रूप बदलतो आणि केव्हा तो सर्वस्वी दुसराच पदार्थ होतो, हा रसायनशास्त्राचा पहिला पाठ ते विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करून शिकवीत असत.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तत्कालीन जेसोर जिल्ह्यातील राडुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशातील खुलना जिल्ह्यात आहे. वडील हरिश्चंद्र रे यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. १८७० मध्ये हे कुटुंब कोलकात्यास आले. लहानपणी झालेल्या आमांशाच्या गंभीर आजारामुळे प्रफुल्लचंद्रांचे शिक्षण खंडित झाले. परंतु त्या काळात घरीच त्यांनी विपुल वाचन केले.

पुढे विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत असताना ते प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांच्या व्याख्यानांना जात. पेडलर यांच्या प्रयोगांनी ते इतके भारावून गेले, की एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी त्यांनी छोटीशी प्रयोगशाळाच थाटली. तेथे पत्र्याच्या उपकरणात प्राणवायू आणि हायड्रोजन यांचा प्रयोग करताना मोठा स्फोट झाला. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही आणि प्रयोगांची ओढही कमी झाली नाही.

१८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. १८८७ मध्ये डी.एस्सी. ही पदवी संपादन करून ते पुढील वर्षी मायदेशी परतले. तथापि शिक्षण खात्यातील वरिष्ठ श्रेणी त्या काळी भारतीयांना सहसा मिळत नसे. १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर त्यांना समाधान मानावे लागले.

कनिष्ठ वर्गांना शिकविणे ते आवर्जून स्वतःकडे घेत, कारण कोवळ्या वयातील संस्कार दीर्घकाळ टिकतात असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या वर्गातील हाडाचा प्रयोग विशेष प्रसिद्ध झाला. हाड कुटून त्याची पूड केली तरी ते हाडच राहते. हा भौतिक बदल होय. तेच हाड आगीत पूर्ण जाळले, की त्यातील सेंद्रिय भाग प्रथम काळा पडतो, मग जळून जातो आणि पांढरी राख मागे राहते. ही राख मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची असते. तिच्यापासून पुन्हा हाड बनविता येत नाही. हा रासायनिक बदल होय.

एवढे सांगून ते थांबत नसत. त्या राखेची चिमूट स्वतःच्या तोंडात टाकून ते ती चघळून दाखवीत. जनावराच्या हाडाचा स्पर्शही निषिद्ध मानणाऱ्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना हा धक्काच असे. हाड आणि राख हे दोन भिन्न पदार्थ आहेत हे ज्याला खरोखर पटले, त्याला राखेचा विटाळ वाटण्याचे कारण उरत नाही, हे त्यांना दाखवून द्यायचे होते.

हाच पाठ त्यांना स्वतःलाही एकदा गिरवावा लागला. १८९२ मध्ये केवळ ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी ९१, अप्पर सर्क्युलर रोड येथील राहत्या घरी औषधनिर्मितीचा उद्योग सुरू केला. हाडांपासून फॉस्फेट काढण्यासाठी त्यांनी खाटिकांकडून हाडे आणून गच्चीवर वाळत घातली. ऐन जानेवारीत अवेळी पाऊस आला. वाळत आलेली हाडे पुन्हा भिजली आणि कुजू लागली. कावळ्यांनी त्यांचे तुकडे शेजाऱ्यांच्या घरी नेऊन टाकले. तक्रारी वाढल्यावर हाडे शहराबाहेर माणिकतला येथे हलवून रात्री जाळण्यात आली. त्या जाळामुळे खुनाचा संशय येऊन पोलीसही चौकशीस आले. अखेर हाती आलेल्या राखेला मात्र ना दुर्गंधी होती, ना पावसाचे भय. तिच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून पुढे औषधोपयोगी क्षार तयार झाले. १९०१ मध्ये या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. बंगाल केमिकल या नावाने देशभर ओळखल्या गेलेल्या या कंपनीचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले.

संशोधनातही हीच चिकित्सक दृष्टी त्यांच्या उपयोगी पडली. पाऱ्यावर सौम्य नत्राम्लाची थंड अवस्थेत क्रिया होऊ दिली असता त्यांना पिवळे स्फटिक दिसले. प्रथमदर्शनी तो आम्लारिधर्मी क्षार वाटला; परंतु तीव्र आम्लात असा क्षार तयार होणे नेहमीच्या अनुभवाला धरून नव्हते. त्यांनी कसून परीक्षण केले आणि तो मर्क्युरस नायट्राइट असल्याचे निष्पन्न झाले. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधाने त्यांना जगभर मान्यता मिळाली.

त्यांची राहणी अत्यंत साधी होती. १९०१ च्या कोलकाता काँग्रेस अधिवेशनानंतर गोपाळ कृष्ण गोखले यांनी महात्मा गांधींशी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा ८०० रुपये वेतनापैकी केवळ ४० रुपये स्वतःसाठी ठेवून उरलेले सार्वजनिक कार्यास देणारे प्राध्यापक, असा त्यांचा परिचय दिला होता. १९१६ मध्ये ते कोलकाता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रुजू झाले. वयाच्या साठाव्या वर्षापासून त्यांनी आपले वेतन विद्यापीठालाच अर्पण केले. १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते.

ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी असे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली घडले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हेही प्रेसिडेन्सीत त्यांचे विद्यार्थी होते. १६ जून १९४४ रोजी विज्ञान महाविद्यालयातील आपल्या निवासाच्या खोलीतच आचार्यांचे निधन झाले. शाळेच्या प्रयोगशाळेत एखादा पदार्थ जाळून उरलेली राख तपासणारा आजचा विद्यार्थीही त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरूनच चालत असतो.