डग्लस यांचे दुसरे लग्न

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील भल्या लोकांना अर्पण केले, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेले ते लोक. त्यांच्यापैकीच एका घरची ही हकीगत आहे.

फ्रेडरिक डग्लस १८१८ साली मेरीलँड प्रांतात गुलाम म्हणून जन्मले. आई काळी, शेतावर राबणारी. बाप गोरा, बहुधा मालकच, असे त्यांच्या कानी आले होते. १८३८ च्या सप्टेंबरात ते खलाशाचा वेश करून पळाले. वाटखर्चाला पैसे दिले ॲना मरे यांनी. त्या काळ्या, पण स्वतंत्र होत्या. बाराच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये रेव्ह. पेनिंग्टन यांनी दोघांचे लग्न लावले. हे पाळकही पळून आलेले गुलामच होते.

पुढे न्यू बेडफर्ड गावी डग्लस गोऱ्यांच्या एका मेथॉडिस्ट मंडळीत जाऊ लागले. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी पाहिले, की सर्व गोऱ्यांना भाकर व द्राक्षारस देऊन झाल्यावरच कोपऱ्यात बसलेल्या काळ्यांना पुढे बोलावले जाते. ते उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. काळ्यांच्या लहानशा मंडळीत ते उपदेशक झाले. हा प्रसंग वाचताना आम्हांला आपल्याकडील काही जुन्या मंडळ्या आठवल्या, असो.

त्यांची व्याख्याने, वर्तमानपत्र व आत्मचरित्रे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर १८८२ साली ॲनाबाई निवर्तल्या.

२४ जानेवारी १८८४ रोजी वॉशिंग्टन शहरात डग्लस यांनी हेलन पिट्स यांच्याशी लग्न केले. त्या गोऱ्या, वय ४५. डग्लस सुमारे ६६ वर्षांचे. त्यांच्याच कचेरीत त्या कारकून होत्या. तरुणपणी त्यांनी व्हर्जिनियात मुक्त झालेल्या गुलामांना शिकवले होते. प्रेस्बिटेरियन पाळक रेव्ह. फ्रान्सिस ग्रिम्के यांनी आपल्या राहत्या घरी विधी केला. गोरा मालक व गुलाम आई यांच्या पोटी तेही जन्मले होते. पोटोमॅक नदीपलीकडे, व्हर्जिनियात, हेच लग्न गुन्हा ठरले असते.

बातमी फुटताच दोन्हीकडून आग पेटली. गोऱ्यांना तो आपला अपमान वाटला. काळ्यांपैकी अनेकांना वाटले, की यांनी आपल्या समाजाच्या स्त्रिया तुच्छ लेखल्या. डग्लस यांची मुलेही नाराज होती. आपले पहिले लग्न आईच्या रंगाच्या स्त्रीशी व दुसरे बापाच्या रंगाच्या स्त्रीशी झाले, असे डग्लस हसून सांगत. गोऱ्या मालकांनी काळ्या स्त्रियांना भ्रष्ट केले तेव्हा हे टीकाकार गप्पच होते. लग्न लावले तेव्हा मात्र बोभाटा झाला!

सर्वांत बोचणारी गोष्ट हेलनबाईंच्या माहेरची. वडील गिडियन पिट्स गुलामगिरीचे कट्टर विरोधी, डग्लस यांचे जुने स्नेही. ज्या घरी पाहुणा म्हणून डग्लस यांचे स्वागत होई, त्या घरात जावई म्हणून त्यांना थारा मिळाला नाही. त्या गृहस्थांना ढोंगी म्हणायला आमचे मन धजत नाही. दुसऱ्याच्या मुक्ततेसाठी त्यांनी खरोखर झीज सोसली होती. मुलीचे लग्न निघाले आणि त्यांचे पाऊल अडखळले.

व्हर्जिनियाचा तो कायदा १९६७ साली लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात रद्द झाला; तेव्हा आणखी पंधरा राज्यांत तसेच कायदे होते. गॅलपच्या पाहणीत अशा लग्नाला १९५८ साली शंभरांत चौघांची मान्यता होती, २०२१ साली चौऱ्याण्णवांची.

१८९५ च्या फेब्रुवारीत डग्लस वारले. मृत्युपत्रावर साक्षीदार कमी पडल्याने राहते घर हेलनबाईंना मिळेना. त्यांनी कर्ज काढून ते वारसांकडून घेतले, आणि पतीच्या स्मरणार्थ ते राखावे म्हणून गावोगाव व्याख्याने देत पैसा जमवला. १९०३ साली त्या गेल्या तेव्हा कर्ज फिटले नव्हते. ते घर आज राष्ट्रीय स्मारक आहे. डग्लस यांची कबर रॉचेस्टर येथे आहे. तेथेच ॲनाबाईंची आहे, आणि हेलनबाईंचीही.