इंजिनाचा ठोका ओळखणारा अभियंता : थॉमस मिजली

बासरच्या सरस्वतीचे दर्शन आटोपून भैंसा-निर्मळमार्गे आदिलाबादकडे निघालेली एखादी जुनी पेट्रोल गाडी निर्मळपुढील महबूब घाटाच्या चढणीला लागली, की कधीकधी तिच्या इंजिनातून खड्यांनी भरलेला डबा हलवल्यासारखा खणखणाट ऐकू येतो. मिस्त्री याला नॉकिंग म्हणतात. कधी आवाज नसतो, पण गाडी मध्येच अडखळते, हिसके देते, ते मिसिंग. दोन्ही दुखणी एकच समजून प्लग बदलत बसणारे वाहनमालक आजही आढळतात. मिसिंगमध्ये एखाद्या सिलिंडरातील मिश्रण पेटतच नाही. नॉकिंगमध्ये ते पेटते, परंतु भलत्या रीतीने. हा भेद प्रयोगाने उलगडणाऱ्या मोजक्या संशोधकांपैकी एक म्हणजे थॉमस मिजली. निदानात हा माणूस अचूक ठरला. उपायाने मात्र त्याने जगाला दुसराच आजार दिला.

मिजली यांचा जन्म 18 मे 1889 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. 1911 साली कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्राचे त्यांचे ज्ञान बहुतांशी स्वयंअर्जित होते. 1916 मध्ये ते ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली रुजू झाले. केटरिंग यांच्या कंपनीचे संक्षिप्त नाव डेल्को. आपल्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रीब्युटरला डेल्को म्हणत, ते नाव तेथून आले.

त्या काळी इंजिनातील ठोक्याचे खापर केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगीव्यवस्थेवर फोडले जात होते. मिजली यांनी सिलिंडरमधील दाबाची क्षणाक्षणाची नोंद घेणारे उपकरण वापरले आणि दाबाची ती भयंकर उसळी ठिणगीपूर्वी नव्हे, तर ज्वलन सुरू झाल्यानंतर येते, असे दाखवून दिले. ठिणगीपासून निघालेली ज्वाला पुढे सरकत असता कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप एकदम भडकते, त्याचा हादरा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतो आणि खणखणाट होतो, हे आज सर्वमान्य आहे. दोष ठिणगीत नव्हे, इंधनात होता. टायमिंग फार पुढे असले, इंजिन तापले किंवा आत काजळी साचली, तर तो बळावतो इतकेच.

औषधाचा शोध सुरू झाला तो एका चुकीच्या तर्काने. लाल रंगाचे इंधन उष्णता लवकर शोषून घेईल, अशी कल्पना होती. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन टाकले आणि ठोका थांबला! पुढे इतर लाल रंग वापरून पाहिले, तेव्हा काहीच फरक पडला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. मग अॅनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम अशा एकेका पदार्थाची परीक्षा झाली. टेल्युरियमची दुर्गंधी तर अंगाला चिकटून बसे. अखेर 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राइथिल लेड या शिशाच्या संयुगाने बाजी मारली. हजार भाग पेट्रोलला एका भागाहूनही कमी मात्रा पुरत होती.

दुसरा उपाय मिजली यांना चांगलाच ठाऊक होता. अल्कोहोल मिसळल्यानेही ठोका थांबतो, हे त्यांनी स्वतः दाखवले होते. पण ते भरपूर मिसळावे लागे आणि त्यावर कोणा एका कंपनीची मक्तेदारी चालणे शक्य नव्हते. शिसे स्वस्त पडे, थोडे पुरे आणि त्याचे पेटंट हाती होते. फेब्रुवारी 1923 मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. व्यापारी नाव ठेवले गेले एथिल. त्यात शिशाचा उल्लेखही नव्हता.

शिसे विष आहे, हे रोमन काळापासून माहीत होते. खुद्द मिजली यांना 1923 च्या आरंभी शिशाच्या बाधेमुळे कामातून विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात कामगार भ्रमिष्ट झाले आणि 5 जण दगावले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले व त्याची वाफ हुंगून ते निर्धोक असल्याचे भासवले. स्वतःच्या शरीराची साक्ष त्यांनी दडपली. 1925 मध्ये विक्री थांबली, चौकशी झाली आणि पुढच्याच वर्षी परवानगी मिळाली.

यंत्रानेही हे औषध निमूटपणे स्वीकारले नाही. शिशाचा थर प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचू लागला. नॉकिंग गेले आणि मिसिंग आले. तो थर वाफेबरोबर बाहेर जावा म्हणून ब्रोमीनचे संयुग मिसळण्यात आले. इंजिन स्वच्छ राहिले, पण शिसे धुराड्यातून रस्त्यावर आणि तेथून मुलांच्या रक्तात उतरले. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, हे निर्विवाद सिद्ध होईपर्यंत अनेक दशके उलटली.

1928 पासून मिजली यांनी शीतकपाटांसाठी विनाज्वाला, विनाविष असा वायू शोधण्याचे काम हाती घेतले. त्यातून आलेल्या सीएफसी वायूंनी ओझोनच्या थराला इजा केली. मात्र हा धोका 1974 पूर्वी कोणाच्या ध्यानी आला नव्हता. येथे मिजली यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. शिशाच्या बाबतीत ती सवलत त्यांना देता येत नाही.

1940 मध्ये पोलिओने त्यांचे पाय निकामी केले. बिछान्यातून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची यंत्रणा रचली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून वयाच्या 55 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

भारतात 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. जगात सर्वांत शेवटी, 2021 मध्ये, अल्जीरियाने ते थांबवले. आज आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, म्हणजे मिजली यांनी बाजूला सारलेले तेच अल्कोहोल. ते ठोका रोखते, पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे भाग त्याने खराब होऊ शकतात. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकाने त्यांची तपासणी करून घ्यावी. औषध इंजिनाला मानवले, एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही. ते आणखी कोठे जाते, हेही विचारावे लागते. मिजली यांनी तो प्रश्न टाळला आणि त्याची किंमत त्यांना कधीही न भेटलेल्या मुलांनी मोजली.