पंडिता रमाबाई : ग्रंथ, विवेक आणि आचरण

आज नाताळ. येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी भक्तिभावाने साजरा होत आहे. अशा दिवशी, ज्या मराठी विदुषीने बायबल हा ग्रंथ नित्याच्या संसारात उतरविला, तिचे पुण्यस्मरण करावे असे आम्हांस वाटले. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर आचरण घडले नाही तर ग्रंथ निष्फळ होय, असे आम्ही पूर्वरंगात नेहमी सांगत असतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र हे त्याच सिद्धान्ताचे आख्यान आहे.

सह्याद्रीच्या गंगामूळ अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे आमच्याच परंपरेतले पुराणिक. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला होता. मातेच्या मुखातून रमाबाईंना भागवतादी ग्रंथ लाभले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत पुराणे सांगे. दुष्काळात १८७४ साली मातापितरे गेली, पुढे भगिनीही गेली. उरलेली बहीणभावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वत्सभेने रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण १८८२ साली पटकीने पतीही गेले. पदरी तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला.

पुढल्या वर्षी त्या शिक्षणार्थ इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. ही करुणा कोठून आली, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. तिच्या लोकांचा स्पर्शही यहुदी टाळीत. तिचे पूर्वायुष्यही निंद्य मानले गेले होते. अशा स्त्रीकडे येशूने विहिरीवर पाणी मागितले आणि तिला जीवनजलाचा उपदेश केला. त्या कथेने रमाबाईंच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी कन्येसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या पूर्वजांच्या पिढीला ही वार्ता जिव्हारी लागली, हे आम्ही लपवीत नाही.

परंतु धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. शास्त्रार्थाच्या संस्कारात वाढलेल्या या विदुषीने तोच विवेक नव्या धर्मातही चालविला. त्रैक्यादी सिद्धान्त बायबलात कोठे आहेत, असे त्या आपल्या गुरुभगिनींना विचारीत. पुरुषांना शिकवू नये, असे बिशपांनी सुचविताच त्यांनी परखड विरोध केला. गळ्यातील क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. मनुष्याच्या आज्ञेपेक्षा देववचन व सदसद्विवेक त्यांना श्रेष्ठ वाटत. हीच कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त अजून घेतला नाही, अशी जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी झाली. आणि तेथून त्यांच्या श्रद्धेला खोली आली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनी. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. रानडे व भांडारकर यांनी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची भीती समजण्यासारखी होती. तथापि त्या विधवांना आपल्या घरांतून किती आसरा मिळाला, हा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला, आणि तो आम्हांला आजही बोचतो.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने मरण पाहणारी मातापितरे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होती. त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा पुण्याजवळच्या केडगावी आणल्या. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले, आणि १९०० च्या सुमारास त्यातील आश्रितांची संख्या दीड हजारांपर्यंत गेली. विहिरी खणल्या, शेती पिकविली, माग चालविले, छापखाना घातला. प्रार्थनेइतकेच कामाला महत्त्व होते. अंध स्त्रियांसाठी बारतीमी सदन आणि समाजाने पतित ठरविलेल्यांसाठी कृपा सदन निघाले. वाँटेजला ऐकलेली विहिरीवरची कथा केडगावच्या अन्नवस्त्रात अशी साकार झाली.

अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. येथे एक गोष्ट आम्हां संस्कृताभिमान्यांना अंतर्मुख करते. सरस्वती ही पदवी मिळालेल्या या पंडितेने जड संस्कृत शब्द बाजूला ठेवले आणि चुलीपाशी बसलेल्या अल्पशिक्षित स्त्रीला उमजेल असे सोपे मराठी निवडले. मुक्ती सदनातील स्त्रियांनीच त्या ग्रंथाचे खिळे जुळविले. कन्या मनोरमा १९२१ साली गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

वाचकहो, त्यांच्या मार्गाशी आमचा मतभेद आहे. पण त्यांच्या निष्ठेपुढे आमचे मस्तक नमते. जो उपदेश ऐकला तो ग्रंथात आहे का, हे पाहावे. ग्रंथात असेल तर तो आपल्या घरच्या विहिरीवर, चुलीवर आणि दाराशी आलेल्या दीनाच्या ताटात दिसतो का, हेही पाहावे. ख्रिस्ती घरी बायबल असेल, आमच्या घरी गीता व ज्ञानेश्वरी असेल; कसोटी मात्र हीच. आज नाताळच्या दिवशी आपल्या देवघरातील ग्रंथ उघडावा, एकच वचन वाचावे आणि सूर्यास्तापूर्वी ते कोणाच्या तरी उपयोगी आणावे, एवढीच आमची विनंती.