कर्जाचा वैरी : श्री गाडगे महाराज यांचे चरित्र

लग्नसराई संपली की आपल्या गावांतील पुष्कळ घरांत हप्ते फेडण्याची सराई सुरू होते. पूर्वी हे कर्ज सावकाराच्या वहीत मांडले जात असे. आता ते पतपेढीच्या अथवा फायनान्स कंपनीच्या कागदावर, क्वचित् मोबाईलच्या पडद्यावरही मांडले जाते. परंतु त्याचे मूळ बदललेले नाही. लोक काय म्हणतील, या भीतीच्या पोटी ते जन्मास येते. ह्या भीतीशी ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य झुंज दिली, त्याचे चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचे योजिले आहे.

महाराजांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्या काळी बारसे असो, लग्न असो की तेरवी असो, भाऊबंदांस मटण व दारू यांची पंगत दिल्यावाचून कार्य पार पडले असे कोणी मानीत नसे. झिंगराजी ह्याच व्यसनाच्या आहारी गेले, आणि त्यात त्यांची शेतीवाडी व प्रकृती या दोहोंचाही नाश झाला. ते अकाली वारले तेव्हा देबूजी अगदी लहान होते. आई सखूबाई ह्या मुलास घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे येऊन राहिल्या.

मामांच्या घरी देबूजी गुरे राखीत व शेत राबीत वाढले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही, परंतु कामात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पुढे ह्या घरावरही कर्जाचे संकट आले. मामा सरळ मनाचे व निरक्षर होते. सावकाराने पुढे केलेल्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांस कळत नव्हते, आणि त्या कागदांच्या बळावर सावकाराने जमिनीवर हक्क सांगितला. ह्या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले व ते वारले. सावकार शेताचा ताबा घेण्यास आला, तेव्हा तरुण देबूजींनी औत सोडले नाही. ज्या जमिनीत आपला घाम जिरला ती मुकाट्याने सोडावयाची नाही, ह्या निश्चयाने ते उभे राहिले, आणि सावकारास मागे फिरावे लागले. गावाने असा प्रकार पूर्वी पाहिला नव्हता. पण देबूजींच्या मनास जे शल्य लागले ते निराळेच होते. बापाचे घर दारूने बुडाले, मामाचे घर अक्षरशत्रुत्वाने बुडाले, आणि दोन्ही ठिकाणी कर्ज हेच निमित्त झाले, ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत.

त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला होता. मुलीच्या बारशास चालीप्रमाणे बकरे कापावे व दारू वाटावी, असा भाऊबंदांचा आग्रह होता. देबूजींनी तो मानला नाही व जमलेल्या मंडळींस गोडाचे जेवण घातले. काहींनी नाके मुरडली, काहींनी बोल लावले. आपल्या बिरादरीत अशी चाल मोडणे हे सोपे काम नाही, हे वाचक जाणतातच. परदेशी सरकाराशी भांडणारे पुष्कळ निघतात, पण पंगतीत बसलेल्या काका-मामांस नाही म्हणणारा विरळा! देबूजींच्या सुधारणेचा आरंभ सभेत न होता घरच्या पंगतीत झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सन १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा पोशाख, हातात खराटा, आणि खाण्यापिण्यास व डोक्यावर धरण्यास एक फुटके गाडगे. ह्या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगे महाराज म्हणू लागले. एका कानात कवडी व दुसऱ्या कानात बांगडीची काच असे. गावात शिरले की ते कोणाशी न बोलता रस्ते व गटारे झाडू लागत. केलेल्या कामावाचून कोणाची भाकर घेत नसत, आणि पाया पडावयास कोणी आल्यास त्यास आवडीने रागे भरत. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनाने माणसांची मने झाडावी, आणि पहाट होण्यापूर्वी पुढल्या गावाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता.

त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरेच असत. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. कर्ज काढून लग्न करू नये, दारूच्या थेंबास शिवू नये, नवसापायी मुक्या जनावराचा जीव घेऊ नये, शिवाशिव पाळू नये, हे विषय ते पुनःपुन्हा घेत. घरातील थाळी विकावी लागली तरी विकावी, हातावर भाकर घेऊन खावी, बायकोस स्वस्तातले लुगडे घ्यावे, पण मुलास शाळेवाचून ठेवू नये, असे ते कळवळून सांगत. स्वतः निरक्षर असलेल्या पुरुषाने हे सांगावे, ह्यात केवढा अनुभव भरला होता!

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट बांधविला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या, व मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवाऱ्याची सोय केली. पंढरपुरास अस्पृश्य गणलेल्या यात्रेकरूंस उघड्यावर पडावे लागे, म्हणून त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. लक्षावधी रुपयांच्या इमारती झाल्या, पण त्यांपैकी एकीवरही त्यांनी आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. कुंताबाई व मुले ह्यांनी गरिबीतच दिवस काढले. ह्या त्यागाची मोठी किंमत त्या माउलीने दिली, हेही चरित्रकाराने सांगितले पाहिजे. सन १९२३ मध्ये कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद वारल्याची वार्ता आली. महाराजांनी कीर्तन थांबविले नाही.

ता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलानजीक, मोटारीतच त्यांचा अंत झाला. त्यांचे स्नेही डॉ. आंबेडकर ह्यांस जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. अमरावतीच्या विद्यापीठास आज महाराजांचे नाव आहे, आणि सन २०००-०१ पासून महाराष्ट्र सरकारने चालविलेल्या ग्रामस्वच्छता अभियानासही त्यांचेच नाव दिले गेले.

वाचकहो, गाव स्वच्छ करण्याच्या कामी आपण त्यांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु रस्ता झाडून घेतला व त्याच रस्त्याने कर्जाने आणलेल्या डीजेची वरात नेली, तर त्यांच्या कार्याचा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो असे होईल. आपल्या घरी पुढचे कार्य निघेल तेव्हा पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी घरच्या माणसांनी एकत्र बसावे. हाती रोख किती आहे, शेतातून किती येणार आहे, मुलांच्या फीस किती लागणार आहे, हे कागदावर मांडावे, आणि उरेल तेवढ्यातच पंगत बसवावी. वाचता न येणाऱ्याने कोणत्याही कागदावर अंगठा उठविण्याआधी तो आपल्या शाळकरी मुलीकडून वाचवून घ्यावा. भाऊबंद चार दिवस बोलतील. देबूजींच्या भाऊबंदांनीही बोलून घेतले होते, आणि मग ते गोडाचे जेवण जेवून आपापल्या घरी गेले.