पंडित म्हाइंभट व विद्येचा अभिमान

यादवकाळी गोदातीरी सराळे येथे म्हाइंभट नावाचे शास्त्रसंपन्न ब्राह्मण राहत होते. घरी द्रव्य होते, लोकांत मान होता, आणि वादात प्रतिपक्षास निरुत्तर करण्याची हातोटी होती. अशा पुरुषास दुःख ते कसले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु ज्याचे सुख दुसऱ्याच्या पराभवावर उभे असते, त्यास प्रत्येक नव्या ज्ञात्याची वार्ता बेचैन करते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची कीर्ती कानी येताच ते वादाच्या हेतूने डोमेग्रामी गेले, ते याच बेचैनीने. तेथे त्यांचा ज्ञातेपणाचा अभिमान उतरला.

ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न व अनादि निरूपिले आहेत. त्यांत जीव हा बद्धमुक्त, म्हणजे बद्ध असूनही मोक्षास योग्य. तो अनादि अविद्येने वेढलेला. त्यात अन्यथाज्ञान जडले की देहास, कुळास, विद्येस तो 'मी' म्हणू लागतो. मग देहाची व्यथा, कुळाचा अवमान, विद्येचा पराजय ही सर्व त्याचीच दुःखे होतात. वस्तुतः ही सारी प्रपंचाची, जीवाच्या स्वरूपाची नव्हेत. म्हाइंभटांची गाठ विद्येत पडली होती, आणि ती सर्वांत चिवट. धनाचा त्याग चारचौघांस दिसतो. विद्येच्या अभिमानाचा त्याग कोणास दाखवावा?

ती गाठ एका भेटीत समूळ सुटली असे मानण्याचे कारण नाही. स्वामींपुढे निरुत्तर होऊनही म्हाइंभट तत्काळ अनुसरले नाहीत. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर ते श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात आले. सन्निधान असता जे साधले नाही, त्याची खंत त्यांना किती जाळत असेल याची कल्पना साधकास सहज येईल. या खंतीतूनच लीळाचरित्राचे कार्य उभे राहिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

रिद्धपुरी वाजेश्वरीच्या देवळात बसून म्हाइंभटांनी भटोबासांकडून लीळा ऐकल्या व लिहून घेतल्या. जेथे भटोबास स्वतः उपस्थित नव्हते, तेथील लीळांसाठी ज्यांनी त्या पाहिल्या वा ऐकल्या त्यांचा शोध घेत ते गावोगाव हिंडले. सांगणारा कामात गुंतलेला असला तर म्हाइंभट त्याच्या कामास हात लावीत व ऐकत, अशी पंथात आठवण आहे. ज्याने भल्याभल्यांस गप्प केले, तो आता अक्षरशत्रू कुणब्याच्या मुखाकडे कान लावून बसला. पाठांत भेद आढळला तर स्वतःच्या बुद्धीने निवाडा करून एक बाजू पुसून टाकण्याऐवजी भिन्न सांगणे तसेच नोंदविले. ग्रंथात स्वतःचा उल्लेख येतो तो इतरांसारखाच, तृतीय पुरुषी. आणि वादास गेलेल्या गर्विष्ठ म्हाइंभटाची कथाही झाकलेली नाही. पंडितांची भाषा संस्कृत असताना हा सारा ग्रंथ मराठीत आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळाही म्हाइंभटांनीच एकत्र केल्या.

श्रीनागदेवाचार्यांनी शके 1224 मध्ये (इ.स. 1302) देह ठेवला. पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा लिहून घेण्यात आल्या. त्यांत हिराइसेचा पाठ प्रसिद्ध आहे.