सोनेरी पावडरवाला बेसेमर

बेसेमर म्हटलं की आपल्याला आठवतो तो पेपरातला कन्व्हर्टर. आकृती काढा, भाग दाखवा, मार्क घ्या आणि विसरा! पण मित्रांनो, रूमवर बसून विमानाच्या नाहीतर कारच्या मॉडेलवर एअरब्रशने मेटॅलिक रंग मारणाऱ्या आपल्या दोस्तांनी या माणसाला खास नमस्कार करायला हवा. कारण स्टीलच्या आधी त्याने पैसा कमावला तो सोनेरी रंगाच्या पावडरवर.

हेन्री बेसेमरचा जन्म १९ जानेवारी १८१३ चा, इंग्लंडमधल्या चार्लटन या खेड्यातला. वडील छपाईचे टाइप ओतायचे, त्यामुळे वितळलेला धातू त्याने लहानपणापासून पाहिला. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. १८३० मध्ये तो लंडनला आला. त्या काळी सरकारी कागदपत्रांवरचे जुने स्टॅम्प काढून लोक पुन्हा वापरत आणि सरकार बुडत असे. हेन्रीने त्यावर नवा ठसा शोधला, त्याबद्दल त्याला नोकरीही मिळणार होती. पण होणाऱ्या बायकोने सहज सुचवलं, की ठशात तारीखच घातली तर? युक्ती इतकी सोपी आणि बिनतोड, की सरकारने ती उचलली आणि मग हेन्रीची गरजच उरली नाही! नोकरी नाही, पैसा नाही. हा चटका तो जन्मभर विसरला नाही.

पुढे १८४० च्या सुमारास बहिणीच्या फुलांच्या चित्रांच्या वहीवर सोनेरी अक्षरं काढायची होती, म्हणून तो पावडर आणायला गेला. भाव ऐकून गार पडला, एका औंसाला सात शिलिंग! घरी येऊन अ‍ॅसिड टाकून पाहिलं तर सोनं कसलं, साधं पितळ. मग एवढा भाव कशाचा? तर मेहनतीचा. जर्मनीत कारागीर पितळेचे पातळ वर्ख ठोकून ते हाताने वाटत. हेन्रीने ठरवलं, हे काम मशीनवर करायचं.

त्याने पितळेचा बारीक कीस काढला. पावडर झाली, पण रंगात मिसळल्यावर एकदम मळकट. धातू तोच, मग चमक कुठे गेली? प्रयोग बारगळला. बऱ्याच महिन्यांनी त्याने दोन्ही पावडरी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि उत्तर समोर आलं. विकतच्या पावडरचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे होते. रंगात ते आडवे पडत आणि आरशाच्या तुकड्यांसारखा प्रकाश एका दिशेने परतवत. हेन्रीचे कण वेडेवाकडे, त्यामुळे प्रकाश दाही दिशांना पांगायचा. म्हणजे चमक नुसत्या धातूत नसते, ती कणाच्या आकारात आणि तो कसा निजतो त्यात असते.

आपल्या मॉडेलचंही हेच गणित आहे. सिल्व्हर रंगात बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असेच पापुद्रे असतात. ते बाटलीत तळाला बसतात, म्हणून मधूनमधून ढवळायचं. खालचा पृष्ठभाग खरखरीत असेल तर पापुद्रे उभे-आडवे पडतात, म्हणून आधी प्रायमर, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा. एअरब्रश फार लांब धरला तर रंग हवेतच सुकतो आणि वाळूसारखा बसतो. एकदम जाड थर दिला तर पापुद्रे ओल्या रंगात वाहून ढगांसारखे डाग पडतात. म्हणून पातळ पातळ थर आणि मध्ये थोडा धीर.

हेन्रीने आता कण चपटे करणारी यंत्रं आखली, पण पेटंट घेतलं नाही. एकदा पोळलेला माणूस! यंत्रांचे सुटे भाग वेगवेगळ्या गावच्या कारखान्यांतून करून घेतले, म्हणजे पूर्ण यंत्र कुणालाच कळू नये. लंडनच्या कारखान्यात आतलं काम पाहायला फक्त बायकोचे तीन भाऊ. हे गुपित तीस वर्षांहून जास्त टिकलं आणि पैशांचा ओघ सुरू झाला.

याच पैशावर स्टीलचे प्रयोग झाले. वितळलेल्या बिडातून हवा फुंकून स्टील करायची पद्धत त्याने १८५६ मध्ये जाहीर केली. कारखानदारांनी धडाधड परवाने घेतले आणि सगळ्यांचं स्टील ठिसूळ निघालं, कारण त्यांच्या बिडात फॉस्फरस होता. सगळीकडे छी-थू झाली. दुसरा कोणी असता तर संपलाच असता. हेन्रीने पुन्हा प्रयोग केले, शेफिल्डला स्वतःचा कारखाना काढला आणि जगाला स्वस्त स्टील दिलं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मँगनीज घालून हे स्टील सुधारायची युक्ती रॉबर्ट मुशेटची. त्याचं पेटंट फी न भरल्याने गेलं आणि त्याला काहीच मिळालं नाही. १८६६ मध्ये मुशेटची सोळा वर्षांची मुलगी एकटी बेसेमरला भेटायला गेली, तेव्हा कुठे त्याने मुशेटला वर्षाला ३०० पौंड सुरू केले. स्वतः फसलेल्या माणसालाही दुसऱ्याचं देणं आठवायला वेळ लागतो!

स्टॅम्पच्या त्या जुन्या कामाबद्दल सरकारने १८७९ मध्ये त्याला सर ही पदवी दिली, सेहेचाळीस वर्षं उशिरा. १५ मार्च १८९८ रोजी लंडनमध्ये तो वारला.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी मॉडेलवरचा रंग मळकट आला तर कंपनीला शिव्या घालण्याआधी भिंग घेऊन पाहा. बेसेमरचं नशीब तिथूनच उघडलं होतं.